नालबंद पाहिजे

जेसल पार्कात घोड्याची नाल मिळवणं अगदी सोपं आहे. शनिवारी सकाळी भाईंदर पूर्वेच्या बाजारातून एक चक्कर मारा. लिंबू-मिरचीवाल्याकडे नाल असते, पूजेच्या दुकानात असते, ज्योतिषाकडे तर ती अंगठी होऊन बोटाच्या मापात बसलेली असते. या सगळ्या नाल काळ्या घोड्याच्या असतात. "एवढे काळे घोडे राहतात तरी कुठे?" असं मी एकदा एका दुकानदाराला विचारलं, तर त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही घ्याच. तुम्हाला गरज आहे." आमच्या विंगमध्ये निम्म्याहून अधिक दारांवर नाल ठोकलेली आहे. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर फ्लॅटचा हप्ता, मुलाचं इंजिनिअरिंग आणि वरून होणारं लिकेज अशा तीन संकटांसाठी तीन स्वतंत्र नाल लावल्या आहेत. हप्ता चालू आहे, मुलगा त्याच वर्षात आहे, आणि लिकेज आता नालेवरून ओघळतं.

आता हीच नाल घोड्याच्या पायात ठोकून देणारा माणूस शोधून दाखवा.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात 25 स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे महाराजांनी पाण्याचं आणि पायाचं आधी पाहिलं, मग बाकीच्या गोष्टींकडे वळले. आमच्या मीरा-भाईंदरची वस्ती 2011 च्या जनगणनेतच 8 लाखांच्या वर गेली होती. त्यात इस्टेट एजंट किती, झुंबा शिकवणारे किती, "आपला माणूस आहे, काम होऊन जाईल" म्हणणारे किती, याची मोजदाद करायला दुसरी जनगणना लागेल. नालबंदाची गरज मात्र कुणाच्या ध्यानीमनी नाही. 1739 साली मराठ्यांनी इथलाच धारावीचा किल्ला घेतला आणि पुढे खाडीपलीकडची वसई घेतली. तेव्हाचं सोडा, आज एखाद्या सरदाराचं घोडं भाईंदरात लंगडलं असतं, तर मोहीम जेसल पार्कलाच बसली असती आणि वसईत अजून पोर्तुगीज नांदत असते.

खरं तर माझा घोड्याशी संबंध बुद्धिबळापुरता, आणि तिथेही तो अडीच घरांच्या पुढे गेलेला नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर चालायला जातो. चौपाटी म्हणजे भेळ आहे, बाकडी आहेत, समोर खाडी आणि खाडीवर रेल्वेचा पूल आहे. वाळू आणि लाटा एवढ्या दोन गोष्टी सोडल्या तर चौपाटीला लागणारं सगळं आहे. तिथून जवळच पत्र्याच्या शेडमध्ये तुफान राहतो. तुफान हा लग्नाची बग्गी ओढणारा घोडा. कान मारवाडी, म्हणजे टोकं आत वळून एकमेकांना भेटू पाहणारी. पोट मात्र पूर्ण भाईंदरी. रंग पांढरा. लग्नसराईत साबणाने धुतला की पांढरा, एरवी चहात बुडवून काढल्यासारखा.

नाव तुफान असलं तरी स्वभाव अतिशय भित्रा. आता भित्रा म्हणजे कसा? नाशिक ढोल कानापाशी वाजला तरी तो डोळे मिटून उभा. डीजेच्या भिंतीने खिडक्यांच्या काचा थरथरतात, हा शेपटीने माश्या वारतो. नवरदेवाचा मामा रुमाल तोंडात धरून नागीण होऊन त्याच्या पायात लोळला, तरी याने मामाला हुंगून सोडून दिलं. पण मिटलेली छत्री दिसली की तुफान थरथर कापतो. निळी प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने उडाली की दोन पावलं मागे. आणि बाकड्यावरून एखादा ज्येष्ठ नागरिक "अरे देवा" म्हणत उठला, की तुफान बग्गीसकट फुटपाथवर. ही शेवटची भीती मला वैयक्तिक वाटते, पण मी ती मनाला लावून घेतलेली नाही.

तर ऐन लग्नसराईत, भर वरातीत, चौपाटीच्या वळणावर तुफान थांबला. उजवा पुढचा पाय टेकेना. मागे बग्गीत थर्माकोलचे दोन हंस, शेकडो दिवे आणि साफा बांधलेला नवरदेव. पुढे बँड. बँडवाल्यांना मागे काय झालं हे कळलंच नाही, ते वाजवत वाजवत हॉलपर्यंत पोचले. मराठी माणसासमोर घोडा अडला की पुढे काय होतं, हे सांगायला नको. वऱ्हाडातले तिघे आणि बघ्यांतले दोघे एकदम म्हणाले, "भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला?" आणि उरलेल्यांनी एकसुरात उत्तर दिलं, "न फिरवल्यामुळे!" हे उत्तर लहानपणापासून पाठ असल्यामुळे सगळ्यांनी मिळून त्याला फिरवायला घेतलं. तीन पायांवर उभा असलेला, मागे हंस जोडलेला घोडा फिरवणं हा काय प्रकार असतो, ते त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यांना विचारा. शेवटी नवरदेव रिक्षाने गेला. साफा आत मावेना, म्हणून रिक्षावाल्याशेजारी साफा बसला आणि मागे नवरदेव.

घोडेवाला पंचविशीतला पोरगा. त्याने पाय उचलून पाहिला, तर नाल अर्धी सुटून लोंबत होती आणि तळव्यात मांडवाचा खिळा रुतलेला. त्याने खिळा ओढला आणि दिला फेकून. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही शिकलेले आहात. कुणी नालबंद बघा ना. आपला नालबंद गावाला गेला तो परत आलाच नाही."

"तुम्ही शिकलेले आहात" या वाक्याने आजवर कितीजणांचा बळी घेतला असेल, देव जाणे. मी "बघतो" म्हणालो.

त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी साधा मजकूर टाकला: "घोड्याच्या पायाला इजा. नालबंद पाहिजे. कुणाच्या माहितीत असल्यास कळवावे." पहिलं उत्तर आलं, "ॐ शांती." दुसऱ्याने त्याखाली हात जोडले. तिसऱ्याने, "कोणत्या फ्लॅटमधले?" असं विचारलं. मी खुलासा केला, की घोडा जिवंत आहे. मग सल्ले सुरू झाले. हळद लावा. ओवा जाळून शेक द्या. दृष्ट काढा. क्रिकेटवाले फवारतात तो स्प्रे फवारा. एका ताईंनी घोड्याची रास विचारली. आणि मग आला तो सल्ला, जो पुढे मला भाईंदरच्या प्रत्येक गल्लीत भेटला: "आमच्या गावाला एक नालबंद होता. देवमाणूस! नुसता हात लावायचा की घोडं पळायला लागायचं."

"त्यांचा नंबर?"

"वारले."

सांगलीकरांचा वारलेला, सोलापूरकरांचा वारलेला, नंदुरबारकरांचा तर सारंगखेड्याच्या यात्रेत भर घोडेबाजारात वारलेला. महाराष्ट्रातला एकही उत्तम नालबंद जिवंत नाही, अशी माझी त्या रात्री खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मी फोन हातात घेतला. पहिला फोन एका प्राण्यांच्या दवाखान्यात.

"पायाला जखम झालीय हो. तपासून घ्यायचं होतं."

"ब्रीड?"

"मारवाडी. मिक्स."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "वय?"

"नऊ."

"वजन किती?"

"चारशेच्या आसपास."

"ग्रॅम?"

"किलो."

"सर, आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे," असं म्हणून त्या बाईंनी फोन ठेवला. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरा फोन घरी येऊन नखं कापून देणाऱ्या एका पेट स्पाला. त्यांनी घोडा म्हटल्यावर आढेवेढे घेतले नाहीत. नखं, कान आणि शॅम्पू असं पॅकेज सांगितलं आणि फक्त एवढंच विचारलं, की बिल्डिंगला लिफ्ट आहे ना. मुलगा येतो तो टेरियर कुत्र्याच्या नखांची कात्री घेऊन. त्याने तुफानचा खूर पाहिला, कात्री पाहिली, आणि "सर, यू-टर्न" असं स्वतःशीच म्हणून स्कूटर वळवली.

मग मी मोठा हात मारायचं ठरवलं. घोडे म्हणजे महालक्ष्मी. तिथलं रेसकोर्स 1883 पासूनचं. तिथल्या घोड्यांचे पाय सांभाळणारी माणसं असणारच. मेहुण्याच्या साडूच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने, रेसच्या घोड्यांना नाल मारणाऱ्या एका गृहस्थांपर्यंत मी पोचलो. माणूस मोठा अदबशीर. म्हणाले, "आमच्या नाल अॅल्युमिनियमच्या असतात, वजनाला हलक्या. तुमच्या घोड्याचं काम काय?" मी म्हणालो, "बग्गी ओढतो. मागे दोन हंस, जनरेटर आणि नवरदेव." ते हसले. "त्याला आमची नाल म्हणजे ट्रकला सायकलचं चाक. बरं, बाप कोण त्याचा?" रेसच्या घोड्याची आई-बाप-आजोबांसकट वंशावळ नोंदलेली असते. मी घोडेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, मीच त्याला एका मांडववाल्याकडून उधारीत घेतला. बापाचं कोण विचारतंय?"

मग माथेरान. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात आणि पुढे घोडे. अलीकडे ई-रिक्षा आल्या तरी घोडे आहेतच. म्हणजे खूर आहेत, आणि खुरांपाशी बसणारी माणसंही आहेत. तिथल्या एकाचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "साहेब, इथं रांग लागलीय. मी खाली येऊ शकत नाही. तुम्ही घोडा वर आणा." लंगडा घोडा माथेरानच्या घाटात चढवून त्याचं लंगडणं थांबवायचं, ही कल्पना मला आवडली, पण घोडेवाल्याला ती तितकीशी भावली नाही.

मग व्हिक्टोरिया घोडागाड्या आठवल्या. कुलाब्याच्या बाजूला चांदीसारखे पत्रे लावून फिरायच्या त्या. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. न्यायालयाचं म्हणणं बरोबरच होतं; ज्या तबेल्यांत ते घोडे उभे असत तिथे माणूस रात्रभर राहिला असता, तर सकाळी तोच याचिका घेऊन निघाला असता. पण घोडे गेले तसे त्यांचे पाय मांडीत घेणारेही पांगले. बऱ्याच उलाढालीनंतर त्यांतल्या एकाचा पत्ता लागला. मी फोन केला. "नाल मारायची आहे."

"आता ते काम सोडलं साहेब. आता स्क्रीनगार्ड लावतो. मॉडेल कुठलं तुमचं?"

इकडे पाय सुजत होता. नालबंद मिळेना, पण डॉक्टर मिळाला. तरुण पोरगा, सगळा सराव कुत्र्यामांजरांवरचा, तरी हिमतीने आला. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून आधी त्याने ते इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "खिळा किती आत गेला होता? कुठल्या दिशेने? खिळा काढायच्या आधी ते बघून ठेवायचं असतं." घोडेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाडीकडे पाहिलं. त्या वरातीत उपस्थितांनी काढलेल्या फोटोंत नवरदेव होता, हंस होते, साफा रिक्षात बसताना होता. खिळा एकाही फोटोत नव्हता. डॉक्टर म्हणाला, "आत पू धरतोय. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून ठेवा, कोंड्याचं पोटीस बांधा, आणि वरून लहान मुलांचा डायपर गुंडाळून चिकटपट्टी लावा. पण तळवा कोरून पू बाहेर काढायला खुराचा हात असलेला माणूस हवा. मी कोरीन, पण तुम्ही आधी नालबंद बघा."

डायपर! मी मेडिकलमध्ये गेलो.

"डायपर द्या. मोठ्यात मोठा."

"बाळाचं वजन किती, काका?"

एकदा ग्रॅम-किलोचा धडा घेतल्यामुळे मी जपून म्हणालो, "बाळ जरा अंगाने आहे."

"चालायला लागलंय का?"

"चालत होतं. सध्या लंगडतंय."

त्याने दुःखी चेहऱ्याने मला पाकिटावर सूट दिली. मी रोज डायपर नेतो हे पाहून आमच्या मजल्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सुनेची गोड बातमी आम्ही दडवली. दुसऱ्याचं म्हणणं, डायपर मलाच लागतात. बायकोने दुसऱ्या तटाला दुजोरा दिला, कारण पहिल्याला दिला असता तर पेढे वाटावे लागले असते.

सूज चढत होती, तुफान खात नव्हता, आणि मी इंटरनेटवर वाचून घोड्यांचा जाणकार होत चाललो होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाही दिसत ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावं. हे मी शेडपाशी जमणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. तरी जेसल पार्कातला प्रत्येक माणूस एक तर थेट समोरून कपाळाला हात लावायला यायचा, नाही तर मागून, पाऊल न वाजवता.

नालबंद सापडला तो आमच्या कंपाउंडात.

सोसायटीच्या सायकल स्टँडला वेल्डिंग चाललं होतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि वर्कशॉपचे गाळे गल्लोगल्ली; तिथल्याच एका गाळ्यातले मामा काम करत होते. साठी ओलांडलेले, मूळ कराडकडचे. बाहेरून घोडेवाला तुफानला दोन पावलं चालवून धुवायला नेत होता. मामांनी मान वर न करता म्हटलं, "घोडं लंगडतंय. पुढचा उजवा."

मी थक्क झालो. "मामा, न बघता कसं ओळखलंत?"

"तीन पाय वाजतात, एक वाजत नाय."

"वा! काय कान आहे!"

"कान कसला? डायपर बांधलाय त्याला. कसा वाजंल?" असं म्हणून त्यांनी काठी विझवली, चष्मा कपाळावर चढवला आणि बाहेर जाऊन तुफानच्या पायाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांचे वडील आणि आजोबा नालबंद. मामांनी स्वतः ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्र्या मारण्यापासून सुरुवात केली. बैलाला आडवा पाडून चारही पाय बांधून पत्री मारतात, आणि खूर दुभंगलेला म्हणून एका बैलाला आठ पत्र्या. घोड्याचं काम उभ्याने. "आणि हे ग्रिलचं?" मी विचारलं.

"ग्रिल लाथ मारत नाय," मामा म्हणाले. "शिवाय स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात. तुमच्या किचनची जाळी मीच लावलीय की! आठ वर्षं झाली."

आठ वर्षं मी त्या जाळीतून खाडीकडे बघत चहा पीत होतो.

रविवारी सकाळी मामा हत्यारं घेऊन आले. कानस, पकड, हातोडी आणि टोकाला वळलेली सुरी. सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. डॉक्टर आला. बातमी फुटल्यामुळे अर्धं जेसल पार्क आलं. सेक्रेटरी छत्री घेऊन आले, कारण ऊन होतं. तुफानने छत्री पाहिली आणि शेडचा एक पत्रा खाली आला. मी मध्ये पडून सर्वांना "शांत राहा! घाबरू नका! खांद्याच्या बाजूने या!" असं मोठमोठ्याने समजावू लागलो. मामांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "काका, एक काम करा. तिकडं टपरीवर जाऊन आपल्यासाठी चहा सांगा. आणि तिथंच प्या."

मी टपरीवर गेलो, आणि तुफान शांत झाला. याला योगायोग म्हणतात. तिथून सगळं स्पष्ट दिसत होतं. मामांनी बघ्यांना हटवलं, पण त्यांच्याशी वाद घातला नाही. "पत्रा पुन्हा पडंल बरं का" एवढंच म्हणाले. मग घोड्याशी न बोलता, त्याच्याकडे न बघता, त्याच्या खांद्याला पाठ लावून विडी ओढत उभे राहिले. विडी संपेपर्यंत काहीच झालं नाही. तुफानने त्यांचा खिसा हुंगला, टोपी हुंगली, हातोडी हुंगली. मामांनी त्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्यापासून खालपर्यंत हात फिरवत नेला, घोट्याच्या वर चिमटीत दाबलं, आणि पाय आपोआप उचलला गेला. तो त्यांनी दोन गुडघ्यांत धरला. डायपर उतरवला. सुरीने तळव्याचा मेलेला थर काढला, पकडीने खूर कडेकडेने दाबत आले, आणि एका ठिकाणी तुफानने पाय ओढला. "हितं." सुरीचं टोक तिथे फिरलं आणि काळं, पातळ, कुजलेल्या अंड्याच्या वासाचं पाणी बाहेर पडलं. बघ्यांची गर्दी कुणी न सांगता वीस फूट मागे गेली. तुफानने लांब श्वास सोडला आणि खालचा ओठ सैल लोंबत ठेवला. डॉक्टरने जखम धुतली आणि मामांना म्हणाला, "हे मला शिकवाल का?" सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं बोलणारा तो एकटाच निघाला.

दुखऱ्या पायाला त्या दिवशी नाल मारली नाही. जखम भरू दिली. तीन पायांच्या जुन्या नाल काढून खूर कानसले आणि नव्या ठोकल्या. खुराची बाहेरची भिंत नखासारखी असते, तिला वेदना नसते. खिळा त्या भिंतीतून तिरका बाहेर काढायचा, टोक मोडायचं आणि वळवून बसवायचं. आत गेला की घोडा गेला. पहिल्या ठोक्याला एक वहिनी कळवळल्या, "अहो, दुखत असेल हो त्याला!"

मामा म्हणाले, "तुम्ही नखं कापता तवा दुखतं का?"

"मी पार्लरमध्ये जाते."

मामांनी पुढचा खिळा तोंडातून काढला आणि कामाला लागले.

जखम भरल्यावर नालेखाली चामड्याची चकती घालून चौथा पायही झाला. खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, वरपासून खालपर्यंत नवा यायला जवळजवळ वर्ष जातं. पण वाढ थांबत नसते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, पुन्हा मारावी लागते. घोडेवाल्याला हे माहीत होतं. लग्नाची तारीख आणि नालेची तारीख एकत्र आली, की नाल पुढे ढकलायची, हेही त्याला माहीत होतं.

जुन्या नालांवरून मात्र शेडपाशी झुंबड उडाली. ज्यांनी ग्रुपवर हात जोडले होते ते सगळे प्रत्यक्ष हात पुढे करून उभे. सेक्रेटरी म्हणाले, सोसायटीच्या गेटला एक हवी. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना लिकेजसाठी आणखी एक हवी होती. प्रश्न एकच होता, घोडा पांढरा. ज्योतिषाला फोन लावण्यात आला. त्याने सांगितलं, नाल घोड्याने स्वतःहून टाकलेली असेल तर रंगाचा दोष लागत नाही. घोडेवाल्याने ताबडतोब शपथ घेतली, की चारही स्वतःहून टाकल्या. त्या चार नालांच्या पैशांत डॉक्टरची फी, मामांची मजुरी आणि माझ्या डायपरचा खर्च निघाला. वर पेंडीचं एक पोतं आलं.

मामांना मी म्हणालो, "मुलाला हे काम शिकवा ना."

"तो डिलिव्हरी करतो. दहा मिनिटांत दूध पोचवतो."

"आणि नातू?"

"त्याला घोड्याची भीती वाटती."

तुफान आता पुन्हा बग्गीला जुंपला जातो. छत्रीला अजून घाबरतो. मला पाहिलं की कान मागे घेतो, ते बहुधा आदराने.

तुमच्या घरी कार्य असेल आणि बग्गी ठरवत असाल, तर हंस किती, दिवे किती आणि धूर सोडणारं मशीन आहे का, हे विचारून झाल्यावर घोडेवाल्याला आणखी एक विचारा: शेवटची नाल कधी मारली? दोन महिने उलटून गेले असतील तर नवरदेवाला रिक्षाने पाठवा आणि साफा लहान बांधा. मामांचा नंबर माझ्याकडे आहे. खिडकीच्या जाळ्या, कोलॅप्सिबल गेट आणि घोडे, तिन्हीचं काम घेतात. फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा वेल्डिंगच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही.